पहिल्या गटातली जागा

सुनावणी अकराला होती आणि आप्पा सात वाजल्यापासून तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, पायात चपला. निवृत्त होऊन एकोणीस वर्षं झाली, तरी कामाचा दिवस म्हटलं की हा माणूस असा दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसायचा आणि बाकीच्या घराला उगाचच आपल्याला उशीर झाल्यासारखं वाटायचं. आईने दोनदा चहाचं विचारलं. दोन्ही वेळा ते "नंतर" म्हणाले.

मधली लेक आदल्या संध्याकाळीच आली होती. धाकटा भाऊ जाऊन एकतीस वर्षं झाली, म्हणजे खरं तर आता तीच शेंडेफळ. पण घरात तिला अजून मधलीच म्हणत, आणि हे बदलावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. टेलिफोनवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक आयोगात ती अधिकारी होती आणि आजची सुनावणी तिनेच लिहिलेल्या मसुद्यावर होती. वडीलच साक्षीला येणार हे तिने वरिष्ठांना आधी लेखी कळवलं होतं. वरिष्ठ म्हणाले, जुनं एक्स्चेंज चालवलेला माणूस आता शोधून सापडत नाही, तुमच्या घरात आहे तर घेऊन या.

मसुद्याचा विषय सांगायला सोपा होता. मोठी आग लागली, भूकंप झाला, की सगळं गाव एकदम फोन उचलतं. जाळं तुंबतं. मग काही थोडे फोन चालू ठेवून बाकीचे थांबवावे लागतात. कुणाचे चालू ठेवायचे त्याची यादी असते. ही यादी कुणी करायची, ती लोकांना दिसावी की नाही, आणि टेलिफोनवाल्यांनी आपली स्वतःची घरं त्यात घालावीत की नाही, एवढंच ठरवायचं होतं. मधलीच्या मसुद्यात शेवटच्या प्रश्नाला "नाही" असं उत्तर होतं.

थोरला नेमका समोरच्या बाजूला होता. तो खाजगी टेलिफोन कंपनीत इंजिनियर. यादी आमची आम्ही करू आणि गुप्त ठेवू, असं त्याच्या कंपनीचं म्हणणं होतं. आजोबांनी तारेचे खांब पुरले, आप्पांनी एक्स्चेंज सांभाळलं, आई ट्रंक बोर्डावर बसून गावोगावचे कॉल जोडायची, आणि आता मी काचेच्या तारा टाकतो तर ही आम्हा सगळ्यांना कायदा शिकवते, असं तो चिडवायचा. चिडवण्यात राग नसायचा. आज मात्र मधलीने त्याला "जरा गच्चीवर चल" म्हटलं तेव्हा तिचा आवाज ऐकून तो चिडवायचं विसरला.

गच्चीवर चादरी वाळत घातल्या होत्या. त्यांच्या आडोशाला तिने फाईल उघडली आणि एक गुलाबी चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

एकतीस वर्षांपूर्वी गोदामाच्या आगीची चौकशी झाली होती तेव्हाची ही फाईल. टेलिफोन खातं मोडलं, महामंडळ झालं, महामंडळाची कंपनी झाली, आणि जुन्या फाईली फिरत फिरत शेवटी आयोगाच्या तळघरात येऊन पडल्या. मसुद्याला जुना दाखला हवा म्हणून मधलीने ती काढली होती. परिशिष्ट नऊमध्ये ही चिठ्ठी होती. जंपर बदलाचा आदेश.

थोरल्याला जंपर समजावून सांगायची गरज नव्हती. जुन्या एक्स्चेंजमध्ये भिंतभर लोखंडी चौकट असायची, तिला फ्रेम म्हणत. एका अंगाला रस्त्यावरून आलेल्या तारा, दुसऱ्या अंगाला यंत्र, आणि मधे दोघांना जोडणारा पिळाच्या तारेचा तुकडा, तो जंपर. कुठला फोन कुठल्या गटात ते त्या तुकड्यावर ठरायचं. पहिला गट कधीच बंद व्हायचा नाही. दुसरा आणि तिसरा अधीक्षकाच्या कपाटातल्या दोन किल्ल्या फिरवल्या की बंद, म्हणजे तिथून कॉल जायचा नाही, बाहेरून आलेला मात्र वाजायचा. काका, म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ, या फ्रेमवर होते. लहानपणी दोघं त्यांना जंपरकाका म्हणत.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: लाईन २३१६ पहिल्या गटातून काढून तिसऱ्यात घालावी. तिच्या जागी २७४० घ्यावी. सही, अधीक्षक. खाली काकांची आद्याक्षरं आणि "काम पूर्ण". तारीख आगीच्या बारा दिवस आधीची.

तेवीस सोळा हा त्यांच्याच घरचा नंबर होता. अक्षर आप्पांचं होतं, तेव्हाचे अधीक्षक तेच.

थोरल्याने चिठ्ठी दोनदा वाचली. आग लागली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. रेल्वे यार्डाजवळचं रसायनांचं गोदाम पेटलं, धूर गावावर बसला, आणि धाकट्याला दम्याचा झटका आला. आई फोन उचलून उचलून थकली. फोनला सूरच येईना. शेवटी पोराला खांद्यावर टाकून ती इस्पितळाकडे पळत सुटली, आणि अर्ध्या वाटेत ते खांद्यावरच गेलं. शेजारपाजारी सांगायला केबल जळाली होती. घरात मात्र वेगळंच ठरलं होतं. काकांनी फ्रेमवर चूक केली, आपली लाईन भलत्याच गटात घातली. आईने त्या महिन्यात काकांना घराबाहेर काढलं ते काढलंच. ज्या दिराला तिने लग्न होऊन आल्यावर हाताला धरून नोकरीला लावलं होतं, त्याच्याशी ती एकतीस वर्षांत एक शब्द बोलली नव्हती.

आणि थोरला आईच्या बाजूने होता. तो इंजिनियर झाला तेव्हा काका फाटकापर्यंत आले होते. आईने दार लावलं आणि तो खिडकीतून बघत राहिला. त्याला आज अचानक आठवलं की काका बराच वेळ उभे होते.

"काकाने चूक केलीच नव्हती," मधली म्हणाली. "त्याला लेखी सांगितलं होतं."

थोरला म्हणाला, आप्पांनी असं का केलं असेल ते आपल्याला माहीत नाही. ती म्हणाली, का केलं हा प्रश्नच नाही, नंतर गप्प का बसले हा प्रश्न आहे. खाली आईचा आवाज येत होता, ती आप्पांना चष्मा घेतला का विचारत होती.

"हे पान काढून टाक," तो म्हणाला. "आई पंचाहत्तरची होईल आता. या वयात तिने काय करायचं? नवऱ्याला सोडायचं?"

"आणि काकाने काय करायचं?"

"काकाने इतकी वर्षं काढली."

हे बोलल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली. मधलीने चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली आणि फाईल बंद केली. ती गेली सहा वर्षं चोरून काकांकडे जात होती, हे त्याला तिने तेव्हाच सांगितलं. सहा वर्षांत काकांनी या गोष्टीचं अवाक्षर काढलं नव्हतं.

*

आप्पांनी चिठ्ठी हातात घेतली आणि चष्मा न लावताच ओळखली.

आई आत साडी बदलत होती. मधली त्यांच्या खुर्चीशेजारी उभी होती, लहानपणी प्रगतिपुस्तकावर सही घ्यायला उभी राहायची तशी. तिने काही विचारलं नाही, पण आप्पांना वाटलं की काहीतरी सांगायला हवं, आणि त्यांनी खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

पहिल्या गटात जागा एकशेवीसच होत्या. यंत्राची ताकदच तेवढी. एक नवा घ्यायचा तर एक जुना काढावा लागे. घरोघरी जाऊन बाळंतपणं करणाऱ्या एका नर्सबाईंचा अर्ज वर्षभर पडून होता, गावाच्या पार टोकाला राहायच्या. अधीक्षकाचं घर मात्र सगळीकडेच पहिल्या गटात असे, कुणी कधी विचारलंही नव्हतं का म्हणून. आप्पांनी विचार केला, संकट आलं तर मी एक्स्चेंजमध्येच असणार, मग माझ्या घरी कशाला? त्यांनी आदेश लिहिला. भाऊ म्हणाला, दादा, वहिनींना सांगितलंस का? ते म्हणाले, त्यात सांगण्यासारखं काय आहे? त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं.

अजूनही त्यांना तो निर्णय चुकीचा वाटत नव्हता. यातच त्यांचं सगळं दुःख होतं. चुकला असता तर माफी मागता आली असती.

आग लागली ती दुपारी दोनला. तीन हजार फोन एकदम उचलले गेले आणि यंत्र गुदमरलं. आप्पांनी कपाट उघडून दोन्ही किल्ल्या फिरवल्या. खोलीभर चाललेला खडखडाट बसला. अग्निशमन, पोलीस, इस्पितळ, सगळ्यांचे कॉल सुरळीत जायला लागले. नियमाप्रमाणे जे करायचं ते त्यांनी चोख केलं होतं, आणि त्या दोन तासांत स्वतःच्या घराची आठवणही त्यांना झाली नव्हती.

रात्री नाही, दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशी बायकोने विचारलं होतं. आपली लाईन पहिल्या गटात होती ना? ती ट्रंक बोर्डावर नऊ वर्षं काढलेली बाई, तिला गट माहीत होते. त्यांनी "होती" म्हटलं. ती बघत राहिली. मग त्यांच्या तोंडून निघून गेलं, फ्रेमवर काहीतरी चुकलं असेल.

"एवढं एकच वाक्य," आप्पा मधलीला म्हणाले. "मला वाटलं, आठवड्याने सांगू. ती जरा सावरली की सांगू."

"मग?"

"मग तिला राग धरायला कुणीतरी मिळालं होतं. आणि ते मी नव्हतो."

हे त्यांनी अगदी सरळ सांगितलं. तिने आयुष्यभर या माणसाची धास्ती घेतली होती. कचेरीतली पेन्सिल घरी आणली म्हणून ज्याने थोरल्याला परत पाठवून ती जागेवर ठेवायला लावली होती, तो हा माणूस. आप्पांनी चिठ्ठीची घडी घातली, उलगडली, आणि तिच्याकडे न बघता विचारलं, "हे पान फाईलीतून काढता येईल का?"

येत होतं. परिशिष्टं अजून कुणी मोजली नव्हती. मधली "येईल" म्हणाली.

"मग काढ."

तिने चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. नोकरीच्या चौदा वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं, आणि ते वडिलांसाठी केलं की आईसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. आई तेवढ्यात बाहेर आली. निघायचं ना, म्हणाली, की मुहूर्त बघताय?

*

सुनावणी जुन्या एक्स्चेंजच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर होती. यंत्रं कधीच भंगारात गेली होती. ती जिथे उभी असत तिथे फरशीत बोल्टांची भोकं तेवढी उरली होती आणि त्यांच्यावर आता प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. पुढे आयोगाच्या अध्यक्षा आणि दोन सदस्य. एका बाजूला कंपनीचे वकील, त्यांच्या मागे थोरला. दुसऱ्या बाजूला मधली फाईल घेऊन. मागे लोक.

आईने आत शिरल्याबरोबर शेवटच्या रांगेत दीर बसलेला पाहिला. अर्ध्या बाह्यांचा सदरा, मांडीवर पिशवी, केस पार गेलेले. जाहीर सुनावणी होती, कुणीही येऊ शकत होतं, त्याला येऊ नको म्हणायचा तिला अधिकार नव्हता. तिने आपली खुर्ची थोडी वळवून घेतली, म्हणजे तो दिसणार नाही.

ती नवऱ्यासाठी आली होती. लोकांनी त्याला अजून बोलावलं याचा तिला अभिमान होता. आप्पा साक्षीला उभे राहिले, बसून बोला म्हटलं तरी उभेच राहिले, आणि एक्स्चेंज कसं चालायचं ते पायरीपायरीने सांगू लागले. तरुण माणसं लिहून घेत होती. आईला बरं वाटलं.

मग कंपनीचे वकील उठले. आवाज गोड होता. माणसं नेमायची पद्धत, किल्ल्या, यादी, सगळं त्यांनी आदराने विचारून घेतलं आणि मग म्हणाले, जाळं चालवणाऱ्या माणसाला घरी फोन हवाच, नाही तर तो निर्धास्तपणे काम कसा करणार. ही काही आमच्या कंपनीची नवी कल्पना नाही, सरकारी खात्यातही हेच होतं. हा मुद्दा आठवड्यापूर्वी थोरल्यानेच त्यांना पुरवला होता. आता तो मागून त्यांच्या कोटाची बाही ओढू पाहत होता, पण वकिलांनी हात सोडवून घेतला.

"अधीक्षकांचं घर सगळीकडे पहिल्या गटात असायचं. बरोबर?"

"असायचं," आप्पा म्हणाले.

"तुमचंही होतं."

वकिलांनी हे प्रश्न म्हणून विचारलंसुद्धा नव्हतं. ते पुढचा कागद काढत होते. एक "हो" म्हटलं की झालं असतं. मधलीने खाली मान घातली आणि थोरल्याने डोळे मिटून घेतले, आणि आईला या दोघांना काय झालं ते कळेना.

आप्पा शेवटच्या रांगेकडे बघत होते. आईने त्या दिशेने पाहायचं टाळलं, पण नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता, आणि तो चेहरा तिने याआधी एकदाच पाहिला होता, आगीनंतरच्या तिसऱ्या दिवशी.

"नव्हतं," आप्पा म्हणाले.

वकिलांनी मान वर केली. आप्पा म्हणाले, आगीच्या बारा दिवस आधी मी माझी लाईन पहिल्या गटातून काढली. एका नर्सबाईंना जागा दिली. आदेश लेखी होता, माझ्या सहीचा. फ्रेमवर माझा भाऊ होता. त्याने मी सांगितलं तेच केलं आणि नीट केलं. हे बोलताना त्यांचा आवाज मघासारखाच होता, किल्ल्यांविषयी सांगतानाचा. मग तो थोडा खाली आला.

"त्या दिवशी माझ्या घरून फोन लागला नाही. माझा मुलगा गेला. मी घरी सांगितलं की फ्रेमवर चूक झाली. ते खोटं होतं. माझ्या भावाने ते आजपर्यंत सोसलं."

अध्यक्षांनी हलक्या आवाजात विचारलं, या आदेशाचा काही कागद उपलब्ध आहे का. मधली उठली. फाईल तिच्यासमोर उघडी होती, पण तिने हात पर्समध्ये घातला आणि चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. परिशिष्ट नऊ, म्हणाली. अध्यक्षांनी चिठ्ठीकडे पाहिलं, पर्सकडे पाहिलं, आणि काहीतरी टिपून घेतलं. याचं पुढे काय होणार ते मधलीला माहीत होतं, आणि तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही.

आईला मात्र एक फोन आठवत होता.

त्या दिवशी साडेचारला, गेलेल्या पोराला इस्पितळात ठेवून ती त्याचे कपडे न्यायला घरी आली होती आणि फोन वाजला होता. आप्पांचाच होता, एक्स्चेंजमधून. घरी सगळं ठीक आहे ना, विचारत होते. दुपारभर मेलेला फोन वाजला, म्हणजे केबल जळाली नव्हती. बाहेरून येणारा कॉल येत होता, आपला जात नव्हता. म्हणजे आपली लाईन किल्लीखाली होती. हे तिला रिसीव्हर हातात असतानाच कळलं होतं. तिसऱ्या गटात कशी गेली, हे तेवढं कळलं नव्हतं. ते तिने तिसऱ्या दिवशी विचारलं आणि जे उत्तर मिळालं ते घट्ट धरून ठेवलं.

ती उभी राहिली. लोकांचे प्रश्न शेवटी घेऊ, असं एक सदस्य म्हणाले. अध्यक्षांनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, आपण कोण?

"ग्राहक," आई म्हणाली. "नंबर तेवीस सोळा."

थोरला उठून तिच्याकडे यायला निघाला. तिने हातानेच त्याला बस म्हटलं. तिला एकच विचारायचं होतं आणि ते नवऱ्याला विचारायचं नव्हतं, अधीक्षकांना विचारायचं होतं. एक्स्चेंजमध्ये प्रत्येक फोनला छोटा मीटर असायचा, किती कॉल गेले ते दाखवणारा. तो रोज सकाळी वाचत. हे तिला माहीत होतं आणि तो वाचून घेतल्याशिवाय या माणसाला चैन पडलं नसणार, हेही माहीत होतं.

"त्या बाईंच्या फोनवरून त्या दिवशी किती कॉल गेले?"

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ ते सरळ उभे होते. आता त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"एकही नाही," ते म्हणाले. "मी दुसऱ्या दिवशी मीटर पाहिला. आकडा जिथे होता तिथेच होता. बाई सकाळपासून इस्पितळात होत्या, जखमींना बघत. घराला कुलूप होतं."

आईने मान हलवली. हे ऐकून तिला राग यायला हवा होता, पण आला तो राग नव्हता. एकतीस वर्षं हा माणूस तो न हललेला आकडा पोटात घेऊन तिच्या शेजारी झोपला होता, आणि तिला कीव आली, आणि ती कीव तिला नको होती. त्याच्याकडे नंतर बघता येईल. तो घरीच येणार होता. बोलायचं की नाही, त्या घरात राहायचं की थोरल्याकडे जायचं, हे सगळं नंतर ठरवता आलं असतं.

ती खुर्च्यांच्या मधून मागे निघाली. गुडघे दुखत होते, हळू चालावं लागत होतं, आणि कुणी तिला थांबवलं नाही. मधली उठून उभी राहिली, पण जागेवरच. काकांनी तिला येताना पाहिलं आणि पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली. मग काय करायचं ते न सुचून ती पुन्हा उचलली. ते जवळजवळ सत्तरीचे होते. ती त्यांना शेवटची जवळून भेटली तेव्हा ते चाळीसचेही नव्हते.

तिने शेजारची एक खुर्ची सोडून पलीकडची ओढली आणि बसली. पुढे अध्यक्षा कामकाज चालू करायला सांगत होत्या. काकांच्या डाव्या हाताच्या बोटांवर बारीक पांढरे वण होते, फ्रेमवरच्या तारांनी कापलेले, आणि ते तिला ओळखीचे होते. ते नोकरीला लागल्यावर पहिल्या महिन्यात तिनेच त्या बोटांना हळद लावली होती.

काय बोलायचं ते तिने चालताना ठरवलं होतं. माफीचे शब्द होते ते, पण तोंडातून भलतंच निघालं, आणि त्यात तक्रारीचा सूर आला.

"भाऊजी, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

काकांना तिला दुखवायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण इतक्या वर्षांत त्यांना कुणी प्रश्न विचारलाच नव्हता, आणि विचारला तर खोटं बोलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही मला विचारलंच नाहीत, वहिनी."

ट्रंक बोर्डावरच्या नऊ वर्षांत तिने हजारो माणसांच्या तक्रारी घेतल्या होत्या. कुणाची लाईन बंद असली की पहिला फोन फ्रेमवरच जायचा. काय झालंय तिथे, विचारायचं, मगच पुढचं बोलायचं. परक्या माणसांसाठी तिने हे रोज केलं होतं. पुढे वकिलांनी दुसऱ्या साक्षीदाराचं नाव पुकारलं, आणि आई हात मांडीवर ठेवून दिराशेजारी बसून राहिली.